दुसऱ्याच्या चुकीचा हप्ता

फिलो माएस्तासचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. काँक्रीटची गाडी साडेपाचला यायची, आणि ओलं काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. एकतीस वर्षं त्यानं एस्पान्योला गावातल्या फरश्या गुडघ्यांवर बसून घोटल्या. आधी लाकडी रंधा, मग लोखंडी थापी. वेळ चुकली की फरशी जन्मभर खरबरीत.

गाडीच्या विम्याबाबतही तो असाच काटेकोर. एजंट बाई एकोणीस वर्षं, दर वर्षी, कागद पुढे सरकवायची. विमा नसलेल्यानं धडक दिली तर आपलीच कंपनी आपला दवाखाना भरेल, असं एक जादा कलम होतं. ते नको असेल तर सही करायची. फिलोनं कधी सही केली नाही, जादा हप्ता भरत राहिला.

त्याचा कोम्पाद्रे ओनेसिमो हसायचा. ओनेसिमोच्या पोराला, एलिसेओला, बाप्तिस्म्याच्या वेळी फिलोनं पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, म्हणून हातावर धरलं होतं; त्या नात्यानं ते दोघं एकमेकांचे कोम्पाद्रे. तेव्हापासून दोन्ही घरं एक.

"दुसऱ्याच्या गाढवपणाचा हप्ता तू भरतोस? खुळा आहेस."

"या गावात गाढवं किती आहेत, मोज एकदा."

शनिवारी दुपारी फिलो बायकोला, रोसेंदाला, घेऊन बाजारातून परतत होता. चौकात हिरवा दिवा लागला, त्यानं गाडी पुढे काढली. उजवीकडून पिकअप आली आणि रोसेंदाच्या दारात घुसली. काचेचा चुरा तोंडावर उडाला. गाडी फिरून खांबावर आदळली. मग रोसेंदाचा आवाज आला. पत्रा गुडघ्याखाली शिरला होता, हाड बाहेर दिसत होतं.

पिकअपमधून कपाळ फुटलेला एलिसेओ उतरला. हातात जॅकची सळई. त्यानं ती दारात खुपसली, सगळं वजन टाकलं, बिजागरी तोडली, आणि दोघांनी रोसेंदाला ओढून काढलं. इथवर पोरानं काम चोख केलं.

फिलोनं फोन काढला.

"पोलीस नको, पाद्रिनो! विमा नाही माझा. लायसन्सही गेलंय. आत टाकतील मला. घरातलं घरात मिटवू."

"तिचा पाय बघ, हरामखोरा."

"नको म्हणतो ना!"

सळई खाली आली. फोन फुटला, फिलोच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली. एलिसेओ स्वतःच चरकून मागे सरला, पिकअपमध्ये चढला आणि पळाला. पेट्रोल पंपावरच्या बाईनं रुग्णवाहिका बोलावली.

पोलिसानं विचारलं, "कोण होता?"

फिलोच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या झबल्यातलं तान्हं पोर आलं. "दिसला नाही," तो म्हणाला. आमच्याकडे आपल्या माणसाचं नाव कुणी पोलिसांना देत नाही. तिथंच चुकला.

डॉक्टर म्हणाले, गुडघा बांधता येईल, शस्त्रक्रिया तीन. नाहीतर पाय कापावा लागेल. फिलोच्या साठवणीत एकही शस्त्रक्रिया बसत नव्हती. त्यानं दवाखान्यातल्या फोनवरून एजंट बाईला गाठलं.

"पळून गेलेला अनोळखी असला तरी कलम लागू होतं," ती म्हणाली. "पण कंपनी चौकात विचारणार, दुकानांचे कॅमेरे बघणार. तुम्ही त्याला ओळखता?"

फिलोनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सेन्योर माएस्तास, खोटं बोललात तर एक पैसा मिळणार नाही. आणि खरं बोललात तर तुमचे पैसे देऊन कंपनी त्याच्या मागे लागेल. मी आधीच सांगून ठेवते."

रविवारी प्रार्थनेनंतर ओनेसिमो फिलोच्या घरी आला तो दार ढकलूनच.

"पोराचं नाव घेतलंस तर घर जाळीन तुझं."

"तिचा पाय कापतायत, कोम्पाद्रे."

"मी फेडीन!"

"कशानं? पिकअपचा हप्ता थकलाय तुझा."

ओनेसिमोनं खुर्ची उचलून हाणली. फिलोचा ओठ फाटला. प्लास्टर घातलेला हात बाजूला धरून त्यानं उजव्या हातानं ओनेसिमोचा गळा आवळला आणि त्याला भिंतीला दाबलं. एकतीस वर्षं थापी दाबलेला हात तो. ओनेसिमोचा चेहरा निळा पडायला लागला. भिंतीवर बाप्तिस्म्याचा फोटो होता, त्याची काच ओनेसिमोच्या डोक्यानं तडकली. तेव्हा फिलोनं हात सोडला.

खोकत, भिंत धरत ओनेसिमो म्हणाला, "आजपासून तू मला मेलास."

"बरं," फिलो म्हणाला. टोपी घातली, ओठाला रुमाल लावला आणि चालत पोलीस ठाण्यात गेला. आधी आपलं खोटं सांगितलं, मग एलिसेओचं नाव. सही उजव्या हातानं केली, सावकाश, वाचता येईल अशी.

एलिसेओला आठ महिन्यांची कैद झाली. दवाखान्याला भरलेले पैसे, तो सुटल्यावर, त्याच्या पगारातून कंपनी दर महिन्याला कापून घेऊ लागली. कुणीतरी फिलोच्या गाडीच्या काचा दोनदा फोडल्या. त्यानं दोनदा बसवल्या, बोलला नाही.

तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर रोसेंदा घरी आली. मागच्या अंगणात फिलोनं लग्नाच्या वर्षी ओतलेली फरशी होती, काचेसारखी घोटलेली. काठी टेकत ती त्यावर उतरली.

"घसरेन ना रे मी. एवढी गुळगुळीत कशाला केलीस?"

फिलो गुडघ्यांवर बसला आणि छिन्नी-हातोडीनं आपलीच फरशी दारापासून कुंपणापर्यंत खरबरीत करू लागला. दोन दिवस लागले. मग ती त्या पट्ट्यावरून कुंपणापर्यंत गेली आणि परत आली. तिच्या गुडघ्यात पोलादी पट्टी आणि अकरा स्क्रू होते. एकोणीस वर्षं पहाटेच्या मजुरीतून भरलेल्या हप्त्यांतून एवढं आलं होतं.