गेटावर सांडली पेज

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पेज गाळणं. मी धुतलेल्या धोतराच्या फडक्याची टोकं धरून भुईवर बसलो अन् माझी बुढी वरून वाटीनं ओतत, चमच्यानं दाबत गेली. फडकं जरा ढिलं पडलं की वरडायची, "आवो, झोपले का? ताठ धरा की!" मी म्हणलो, "तुह्या बापानं धरलं व्हतं का असं कधी?" ती म्हणली, "मह्या बापाचं नाव घेऊ नका, चहा भेटणार न्हाई." रोजचं बोलणं ते. त्यात काही विशेष असतं तर मी नीट ध्यान देऊन ऐकलं असतं.

पेज आमच्या नातीची. भाजलेली मूगडाळ, तांदूळ, थोडं तेल, थोडा गूळ, शिजवून मिक्सरमधून काढायचं अन् मंग दोनदा गाळायचं. पोरीला गिळता येत न्हाई. जन्मापासूनच. घशात अन्न गेलं की ते फुफ्फुसात जातं, म्हणून डाक्टरनं पोटाला भोक पाडून तिथून नळी बसवली. ती नळीच तिचं तोंड. एक बारीकसा कण राह्यला तरी नळी तुंबते. तिची आई बाळंतपणात गेली, बाप म्हंजी माझा पोरगा पुण्याला कंपनीत. तवा लेकरू आमच्याजवळच वाढलं. सात वर्साची झाली. बोलायला मात्र माझ्या बायकोसारखी, समोरच्याला गप बसवते.

शाळेची सहल निघाली व्हती त्या पार्काला. जालन्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला नवंच झालंय, मोठाले पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या. मास्तर म्हणले, हिची जबाबदारी आम्ही घेत न्हाई. पोरगी घरी येऊन भिताडाकडं तोंड करून बसली. रडली न्हाई, रडली असती तर बरं झालं असतं. बुढी म्हणली, "काय मोठं लागून गेलं? मी नेते." मी म्हणलो, "उन्हाचं?" ती म्हणली, "तुम्ही घरीच सावलीत बसा मंग." मंग काय, गेलो.

पेज फ्लास्कात भरली. आता आमच्याकडं असं असतं की दुपारच्या पारी पांढरं अन्न, दूध असो, दहीभात असो, घराच्या बाहेर न्यायचं तर त्यात कोळशाचा खडा टाकायचा. न्हाईतर वाटंत काहीबाही लागतं, दृष्ट लागते. माझी आई टाकायची, तिची आई टाकायची. पण पेजंत कोळसा टाकला तर नळीत अडकंल. म्हणून बुढीनं काय केलं, एक कोळसा अन् कडूलिंबाचा डहाळा चिंधीत बांधला अन् ती चिंधी फ्लास्काच्या मानेला बांधली. पिशवीत फ्लास्क, मोठी सिरिंज, उकळलेल्या पाण्याची बाटली, टावेल. घनसावंगीवरून जीप, पुढं बस. पोरगी खिडकीला बसून सारख्या पाट्या वाचून राह्यली व्हती. कुठंबी पाळण्याचं चित्र दिसलं की, "आबा, हेच का? आबा, हेच का?"

गेटावर पिशव्या तपासायला एक पोरगा बसवला व्हता. त्यानं आमची पिशवी उघडली अन् हात मागं घेतला. सुई नसलेली भली मोठी सिरिंज, पांढरा रस भरलेला फ्लास्क, अन् त्याच्या गळ्याला काळी चिंधी. त्यानं मॅनेजरला हाक मारली.

मॅनेजर आला. काळा चष्मा, पांढरी बुटं, तोंडात बडीशेप. चिंधी सोडून पाह्यली अन् कोळसा बोटात धरून लाईनीतल्या माणसायला दाखवला.

"काय बाबा, करणी करायला आले का आमच्या पार्कात?"

लाईनीतले हसले. बुढी काही लाजली न्हाई. म्हणली, "दादा, लेकराचं जेवण हाय. दृष्ट लागू नये म्हणून ठेवलंय ते."

"दृष्ट? कोणत्या जमान्यात राह्यते आजी तू?"

"तुह्या तिकिटाच्या खिडकीवर लिंबू-मिरची लटकलीय, ती कोणत्या जमान्याची हाय?"

आता लाईनीतले त्याला हसले. तिथंच बिघडलं. माणूस लाजला की वाईट होतो, हे मी बाजारात लई येळा पाह्यलंय. तो म्हणला, "बाहेरचं खाणं आत चालत न्हाई. बोर्ड वाचा. आत सगळं भेटतं, वडापाव भेटतो, पिझ्झा भेटतो."

मी म्हणलो, "साहेब, हिला तोंडानं खाता येत न्हाई."

त्याला खरं वाटंना. तवा माझ्या नातीनं स्वतःच, कोणी सांगितलं न्हाई, फ्रॉक वर धरून नळी दाखवली. "काका, मी हितून जेवते."

त्यानं पाह्यलं. चष्म्याच्या आडून पाह्यलं. अन् म्हणला, "असल्या लेकरायला कशाला आणता गर्दीत?" असं म्हणून फ्लास्कचं झाकण काढलं, अन् पायाजवळच्या नालीत सगळी पेज ओतून दिली. रिकामा फ्लास्क मला वापस दिला. "आता जा आत. आता काही हरकत न्हाई."

त्याच्या आईनं बी त्याच्या दुधात कोळसा टाकलाच असंल की. तो काही अमेरिकेतून आल्ता का? बोलणं आमच्याकडचंच व्हतं, गाव इचारलं असतं तर शहागडच्या आसपासचंच निघालं असतं. म्हणून जास्ती राग. परका असता तर म्हणलो असतो, त्याला काय कळतंय. ह्याला सगळं कळत व्हतं.

मी त्याची कॉलर धरली असती. बुढीनं माझं मनगट धरलं. "आधी लेकराचं पोट. ह्याला नंतर पाहू."

पोरीची जेवायची येळ टळून गेल्ती. तिला भूक लागली की ती सांगत न्हाई, गप होते, अन् ओठं पांढरे पडायला लागतात. समोर रस्त्याच्या पल्याड एक लिंबाचं झाड व्हतं. बुढीनं आम्हाला तिथं सावलीत बसवलं अन् एकटीच निघाली. म्या म्हणलो मी जातो, तर म्हणली, "तुम्हाला पेज येती का?" उनाचा असा कडाका की डांबर पायाला चिकटत व्हतं. ती शेतातल्या एका आखाड्यावर, वस्तीवरच्या घरी गेली, तिथल्या बाईला मूगडाळ-तांदूळ मागितले, तिच्याच चुलीवर शिजवले, घोटले, पदर धुऊन त्यातून गाळले. मला पुढं त्या बाईनंच सांगितलं. म्हणली, "मावशी घामानं पार भिजल्त्या, म्या म्हणलं पाणी प्या, तर म्हणल्या आधी लेकरू." पाणी न पिताच ती परत निघाली.

आली ती अल्युमिनियमचं पातेलं पदरानं धरून, पळतपळत. पेज गार केली, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाह्यला. सिरिंजचा दांडा काढून ती नळीला जोडली अन् खांद्याएवढी वर धरली. दाबायचं नसतं, आपोआप खाली उतरू द्यायचं असतं. पोरीचे ओठं हळूहळू लाल झाले. ती म्हणली, "आजी, आज गूळ न्हाई घातला."

"तुला कसं कळलं गं माय? जिभंला तर लागत न्हाई."

"पोटाला कळतंय."

बुढी हसली. पाळण्याची सावली आमच्यावरून फिरून जाऊन राह्यली व्हती, वरून लेकरांच्या किंचाळ्या येत व्हत्या. मंग तिनं सिरिंज धुतली, टावेलात गुंडाळली, माझ्याकडं दिली अन् म्हणली, "छातीत भरून आल्यासारखं व्हतंय." अन् माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. गर्दीच्या जागी, सगळ्यांसमोर तिनं असं कधीच केलं नसतं. तवाच मला समजलं.

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हणला, हार्ट. म्हणला, कधीबी झालं असतं. कधीबी झालं असतं तर त्या दिवशी, त्या नालीच्या समोरच काऊन झालं? डाक्टरनं लिहिलं ते त्याच्या कागदावर हाय. माझ्याजवळ माझं हाय. माझ्या बायकोला त्या गेटानं मारलं.

दिवस मावळायच्या आत गावात आणली. पोरगा पुण्याहून निघाला व्हता, पण त्याला पोचायला येळ लागणार म्हणून अग्नी मीच दिला. नाव्ह्यानं तिथंच माझं डोकं भादरलं. सगळे रडत व्हते. मी रडलो न्हाई. मी त्या माणसाची पांढरी बुटं आठवून राह्यलो व्हतो.

आधी इळ्याचा इचार आला. खोटं कशाला लिहू. गवत कापायचा इळा दाराच्या मागंच असतो. पण इळ्यानं काय व्हतं? तो मरतो, मी आत जातो, अन् पोरीला पेज कोण घालतं? त्याला मारून माझंच लेकरू उपाशी. तवा इळा तिथंच राहू दिला.

सकाळी उठलो अन् गॅस पेटवला.

माझी भावजय अंगणातून पळत आली. "भाऊजी! दुखाच्या घरात चूल पेटवत न्हाईत! भाकरी आम्ही आणल्यात की."

"तुमची भाकरी नळीतून जाती का?"

ती मंग हळूच म्हणली, "मी करते पेज, तुम्ही बसा."

"तुला येती का?"

"सांगा ना, करते."

"न्हाई. मीच करतो. आजपासून मीच." डाळ लागू दिली न्हाई, गाठ होऊ दिली न्हाई. गूळ घातला. फ्लास्क भरला, पिशवीत सिरिंज, वाटी अन् पाण्याची बाटली घेतली, पोरीला फ्रॉक घातला अन् दाराबाहेर पडलो.

भाऊ आडवा आला. "दादा, कुठं निघाला? राख सावडायचीय! लोकं जमून राह्यले!"

"राख कुठं पळून चालली न्हाई."

"सुतकात माणूस घराबाहेर पडत न्हाई, दादा!"

म्या म्हणलो, "म्हणूनच चाललो."

बसमधी कंडक्टरनं माझं भादरलेलं डोकं अन् खांद्यावरचं पांढरं उपरणं पाह्यलं, काही न इचारता पुढची सीट दिली. पोरगी माझ्या मांडीवर. ती म्हणली, "आबा, पाळण्यात बसायचं का?" म्या म्हणलो, "न्हाई माय. आज दुसरं काम हाय." ती मंग म्हणली, "आजीचं?" म्या म्हणलो, "हां."

पार्क नुकतंच उघडलं व्हतं. तिकिटाच्या खिडकीजवळ मी फरशीवर मांडी घालून बसलो. सुट्टीचा दिवस, लाईन लागलेली. आजूबाजूच्या गावचीच माणसं, भादरलेलं डोकं त्यायला कळतं. एक म्हातारी वाकून म्हणली, "कोण गेलं, दादा?"

"बायको. काल. त्या लिंबाखाली."

"हितं?"

"हितंच. ह्या पोरीचं जेवण गेटावर नालीत ओतलं, म्हणून उनात डाळ मागत फिरली."

म्हातारी दोन पावलं मागं सरली, शिवाशीव नको म्हणून. तिनं सुनेला हाक मारली, दोघी लेकरं घेऊन वापस फिरल्या. मंग दुसरं एक कुटुंब. मंग लाईनीत कुजबूज. कोणी माझ्याजवळून जाईना, अन् मला ओलांडल्याशिवाय खिडकी न्हाई. मी कोणाला अडवलं न्हाई. मी नुसता बसलो.

मॅनेजर आला. काळा चष्मा कपाळावर चढवलेला. मला पाह्यलं, पोरीला पाह्यलं, अन् त्याला समजलं. त्याचं तोंड असं उतरलं की मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

"बाबा, उठा. काय पाह्यजे? आत चला, फुकट चला."

"आत यायचं न्हाई."

"मंग काय? मला खरंच माहीत नव्हतं, बाबा."

"काय माहीत नव्हतं? नळी तर तिनं तुला दाखवल्ती." असं म्हणत मी उठलो अन् दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवले. चांगले दाबून ठेवले. तो चटका बसल्यासारखा मागं झाला. मी म्हणलो, "लागलं आता तुला बी सुतक. आंघोळ करून ये, न्हाईतर तसाच गल्ल्यावर बस. पण आधी एक काम कर."

पोरीच्या जेवणाची येळ झाल्ती. मी तिला खुर्ची मागितली, आणून दिली गेटावरच्या पोरानं. तिनं स्वतःच फ्रॉक वर केला. मी सिरिंज नळीला जोडली अन् त्याच्या हातात दिली.

"धर. खांद्याएवढी. हात खाली आला तर तिच्या पोटातलं वापस येतं. लई वर बी नेऊ नको."

"बाबा, मी..."

"धर म्हणलो ना."

त्यानं धरली. सगळी लाईन पाहून राह्यली व्हती, काही जणं मोबाईल काढून. मी वाटीनं पेज ओतत गेलो. पेज हळू उतरते, घाई करता येत न्हाई. त्याचा हात खाली यायला लागला. पोरगी त्याच्याकडं वर पाहून म्हणली, "काका, ताठ धरा की." तो रडायला लागला. मला दया आली न्हाई. त्यानं माझ्याकडं पाह्यलं, मी ओतत राह्यलो.

पेज संपली. त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं अन् इचारलं, "जाऊ का बाबा?"

"नळी धुवायचं पाणी राह्यलंय," मी म्हणलो. "हात वर कर."