तिसऱ्या मजल्यावरचा अनुवाद

बहारीनच्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मी फोनवर नवऱ्याला झापत होते. नेहमीचंच, गॅसवाल्याला सांगायला विसरला होता. शेजारी एक उंच, पिकल्या केसांची गोरी बाई उभी होती. फोन ठेवल्यावर तिने चक्क हिंदीत विचारलं, "ही कुठली भाषा? हिच्यात भांडण फार छान होतं." मी म्हटलं, मराठी, तीही कोल्हापूरची, मग काय विचारता!

अशी आमची ओळख. बाई रुमानियाच्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. इथल्या एका कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवायच्या, पण कुणी विचारलं की "मी अनुवादक" हे आधी, प्रोफेसर मागून. लहानपणी त्यांच्या गावात पावाला रांग आणि बऱ्या पुस्तकालाही रांग. वडील दोन्हीकडे उभे राहायचे. बुखारेस्टला शिकताना बाईंनी हिंदी घेतली आणि मग जन्मभर इंग्रजी-हिंदी कादंबऱ्या आपल्या भाषेत नेल्या. नाव कुठे छापलेलं? आतल्या पानावर, मुंगीएवढं. आई आजारी पडली, तिथल्या विद्यापीठाच्या पगारात निभेना, म्हणून बहारीनला आल्या. आई गेली, बाई मात्र इथेच राहिल्या.

देवनागरी येतच होती. मराठी माझ्याकडून शिकल्या आणि हट्टच धरला: आमच्या भागातल्या एका विधवेच्या संसाराची जुनी कादंबरी थेट मराठीतून रुमानियनमध्ये न्यायची. इंग्रजीतून नाही. "उष्टं नको," म्हणायच्या. हा शब्द मीच शिकवलेला. तिकडचा एक प्रकाशक तयार झाला, त्याने हक्क घेतले. बाईंची साठी उलटली होती, कॉलेजचा करार संपत आला होता, म्हणजे व्हिसाही. हे एक पुस्तक छापून व्हावं आणि मग घरी जावं, एवढंच त्यांना हवं होतं. जास्त काही मागितलं का हो त्यांनी?

शुक्रवारी सकाळी मी वर जायचे आणि मोठ्याने वाचायचे. अर्थ त्या डिक्शनरीत बघायच्या, मला विचारायच्या भलतंच. "ताई, हे म्हणताना तिचा हात कुठे आहे? पदर खोचलाय का? दारात उभी की चुलीपाशी?" मी वयाने त्यांच्याहून लहान, तरी ताईच. मग मी उठून करून दाखवायचे आणि ते डोळ्यांत साठवून झालं की त्या लिहायच्या. सून सासूला उलट बोलते तो प्रसंग मी असा काही केला की खालच्या मजल्यावरून वॉचमन विचारायला आला. माझी मुलगी म्हणायची, "मम्मा, यू आर सो एम्बॅरसिंग." पोटच्या पोरीने त्या कादंबरीचं पान उलटलं नाही, आणि ही परकी बाई त्या विधवेसाठी टेबलावर डोकं ठेवून रडली. मला तेव्हा मुलीचा रागच आला होता, आणि स्वतःचाही.

एका बुधवारी बाईंचा फोन. "ताई, खलास!" शेवटचं पान झालं होतं, सगळं प्रकाशकाला पाठवलंसुद्धा. मला कोण आनंद! सुट्टीवरून येताना आणलेले खपली गहू मी भिजत घातले. आमच्याकडे आनंदाला गव्हाची खीर लागते. गूळ, खोबरं, खसखस, वेलदोडा, हात राखून काही घातलं नाही. शुक्रवारी पातेलं घेऊन वर गेले.

बाईंनी झाकण उघडलं आणि खुर्चीत बसल्याच.

"तुला कुणी सांगितलं, ताई?"

"काय सांगितलं? पुस्तक झालं म्हणून केली."

"आमच्याकडे हे माणूस गेल्यावर करतात," त्या म्हणाल्या. "शिजवलेले गहू, साखर, अक्रोड. चर्चमध्ये नेतात, मग सगळ्यांना वाटतात."

कप्पाळ माझं! आनंदाच्या दिवशी मी त्यांच्या घरात मयताचं पक्वान्न घेऊन उभी! "अगं बाई, मला काय माहीत! द्या इकडे, खाली नेते."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बरोबर आणलंस."

मग सांगितलं. काल प्रकाशकाचा मेल आला होता. थांबायला वेळ नव्हता, म्हणून प्रकाशकाने इंग्रजी अनुवादावरून मशीनकडून रुमानियन करून घेतलं. छापूनही झालं. बाईंच्या कष्टांबद्दल आभार.

"मेले मुडदे!" मी ओरडले. "भांडा की त्यांच्याशी!"

"भांडले. काल दिवसभर."

"मग दुसऱ्याकडे द्या."

"हक्क त्यांचे आहेत. आणि एकदा आलेलं पुस्तक तिथे दुसरं कोण काढणार?" आवाज अगदी वर्गात धडा समजावतात तसा. "पुढच्या महिन्यात जायचं. घरी जाऊन मी काय सांगू, ताई? कुणाला सांगू?"

एरवी माझं तोंड बंद म्हणून नसतं. तेव्हा नुसतं रडू येत होतं.

बाई उठल्या आणि पातेल्याचा एक काठ धरला. त्यांच्याकडे म्हणे जमलेले सगळे मिळून ते भांडं धरतात, हळूहळू वर-खाली करतात आणि गेलेल्याचं नाव घेतात. एकट्याने करत नाहीत.

"मी नाही धरणार," मी म्हटलं. "जिवंत आहे ते. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे अख्खं."

बाई काठ धरून तशाच उभ्या राहिल्या. पातेलं सोडेनात. इथे त्यांना दुसरं होतं तरी कोण?

मी दुसरा काठ धरला. दोघींनी मिळून पातेलं उचललं. बाई त्यांच्या भाषेत हळू आवाजात काही म्हणत होत्या. मधे आमच्या त्या विधवेचं नाव आलं. मला तेवढंच कळलं.