दाढीमामांची पकड

हॉस्पिटलातल्या प्रत्येक वॉर्डबॉयला सगळे मामाच म्हणतात. त्यामुळे व्हरांड्यात उभं राहून ‘मामा!’ अशी हाक मारली की चार जण वळून बघतात आणि जागचं कोणीच हलत नाही. सर्जरीच्या वॉर्डात ही अडचण नव्हती. तिथल्या मामांना दाढीमामा म्हणत. त्यांना स्वतःला दाढी नव्हती. ते दुसऱ्यांची काढत. मानेचं, गळ्याचं, जबड्याचं ऑपरेशन ठरलं की आदल्या दिवशी पेशंटची दाढी करून त्याला सर्जनच्या हवाली करायचं, हे त्यांचं काम. सत्तावीस वर्षांत त्यांनी किती गळे हातावेगळे केले याची कुठे नोंद नव्हती, कारण एकाही गळ्याने तक्रार केली नव्हती. तक्रार नसली की कागद होत नाही, आणि कागद नसला की हॉस्पिटलच्या लेखी काही घडलेलंच नसतं.

हे न घडलेलं काम नव्या गुणवत्ता अधिकाऱ्यांच्या नजरेत भरलं. हॉस्पिटलला कसलंसं मानांकन हवं होतं आणि त्यासाठी प्रत्येक कामाची लेखी पद्धत लागत होती. हात कसे धुवावेत हे लिहून झालं होतं, स्ट्रेचर कसं ढकलावं हे झालं होतं, लिफ्टचं बटण कोणत्या बोटाने दाबावं यावर दोन बैठका झाल्या होत्या. आता रेझरची पाळी होती. अधिकारी वही घेऊन वॉर्डात आले. त्यांची स्वतःची दाढी दाट, सुरेख कातरलेली होती. कॉलेज सुटल्यापासून त्यांच्या गालाला रेझर लागला नसावा, म्हणजे विषयाकडे तटस्थपणे पाहायला ते मोकळे होते.

“मामा, रेझर कसा धरता?”

“हातात.”

“ते झालं हो. पण नेमका कसा? अंगठा कुठे? पहिलं बोट कुठे?”

मामांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या ओळखीचा माणूस, पण आडनाव विचारल्यावर आठवू नये, तसं त्यांचं झालं.

“ते गालावर आहे, साहेब. गाल कसा त्यावर.”

“गालावर आहे असं लिहिता येत नाही.”

मग जे लिहिता येतं ते लिहिलं गेलं. आठ दिवसांत वॉर्डाच्या भिंतीवर बारा पायऱ्यांचा तक्ता लागला. अंगठा आणि दोन बोटं दांड्याच्या मध्यावर. करंगळी खालच्या टोकाला टेकलेली. पातं आणि कातडी यांत तीस अंशांचा कोन. दाब अजिबात नाही, रेझरच्या स्वतःच्या वजनाने काम व्हावं. दुसऱ्या हाताने कातडी ताणावी, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने जावं, एका वेळी इंचभरच. शेजारी हाताचं चित्रही होतं. छापताना ते उलटं झाल्यामुळे हात डावा दिसत होता, पण एवढ्या तेवढ्यासाठी मानांकन अडत नाही. गंमत म्हणजे तक्त्यातलं एक अक्षरही चूक नव्हतं. मामा आयुष्यभर हेच करत आले होते. फक्त आपण हे करतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तक्त्याखाली आणखी एक ओळ होती. शुक्रवारी परीक्षा. प्रत्येक पायरी आधी तोंडाने म्हणायची, मग करायची. जो उत्तीर्ण होईल त्यानेच यापुढे पेशंटला रेझर लावायचा. नापासांची बदली चादरींच्या स्टोअरमध्ये.

रविवारी सकाळी मामांनी घरी सराव मांडला. पेशंट म्हणून मेव्हण्याला खुर्चीत बसवलं आणि गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. बायको तक्त्याची नक्कल हातात धरून समोर उभी राहिली. नवऱ्याला उत्तरं येत नाहीत आणि आपल्या हातात पुस्तक आहे, असा योग संसारात फारसा येत नाही. ती रंगात आली होती.

“करंगळी!” ती ओरडली.

“काय झालं करंगळीला?”

“टोकाला नाहीये. टोकाला लिहिलंय इथे.”

मामांनी करंगळी टोकाला नेली. त्याबरोबर अंगठा घसरला. अंगठा वर घेतला तर मनगट ताठलं.

“आता कोन बघा.”

“तीसच आहे.”

“कशावरून?”

मामांकडे पुरावा नव्हता. बायकोने मुलीच्या कंपासपेटीतून कोनमापक आणला आणि भावाच्या फेसाळ गालाला लावला.

“ताई,” फेसाच्या आतून आवाज आला, “मी जिवंत आहे, एवढं लक्षात ठेवा दोघं.”

“बोलू नकोस, कोन हलतो.”

तेवढ्यात हनुवटीपाशी लाल रेघ उमटली. दुसरी कानाखाली. तिसऱ्या वेळी मेव्हणा टॉवेलसकट उठला.

“दाजी, सत्तावीस वर्षांत जे तुम्हाला जमलं नाही ते पाव तासात करून दाखवलंत. मानलं!”

तो गालाला तुरटी चोळत निघून गेला. मामा रेझर धुवत राहिले. सत्तावीस वर्षांत पाण्याला असा रंग आला नव्हता. बायकोचा आवाज खाली आला.

“गेलात स्टोअरला तर काय बिघडलं? पगार तोच. वर बसून काम.”

“चादरी बोलत नाहीत गं,” मामा म्हणाले.

शुक्रवारी परीक्षेला जे गिऱ्हाईक मिळालं तो एक ट्रकड्रायव्हर होता. मान म्हशीसारखी, तिच्यावर लिंबाएवढी गाठ आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. एवढा धिप्पाड माणूस, पण रेझर पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अधिकारी फॉर्म घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.

“करा सुरू. पायरी पहिली.”

“अंगठा आणि दोन बोटं दांड्याच्या मध्यावर,” मामा म्हणाले. हात लाकडाचा झाला होता. पातं गळ्याजवळ नेलं तसा ड्रायव्हरने आवंढा गिळला आणि सगळा गळा वर-खाली झाला. मेव्हण्याची हनुवटी मामांच्या डोळ्यांसमोर आली. त्यांनी रेझर परत पाण्यात बुडवला.

“मामा, दुसरी पायरी.”

मामा ड्रायव्हरकडे बघत होते. “गाडी किती चाकी?”

“चौदा,” ड्रायव्हर घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“चौदा! आणि अरुंद बोळात मागे घ्यायची झाली तर?”

“घेतो की.”

“स्टिअरिंग कुठे धरता तेव्हा?”

“कुठे म्हणजे?” ड्रायव्हरने हात पांघरुणाबाहेर काढले, हवेत चाक धरून पाहिलं, जरा चक्रावला. “धरतो जिथे धरायचं तिथे. क्लीनर असा गाढव मिळालाय, येऊ द्या येऊ द्या म्हणतो आणि भिंत लागली की गप्प...”

तो क्लीनरचा उद्धार करत राहिला आणि मान आपोआप सैल पडली. मामांच्या डाव्या हाताने कातडी कधी ताणली, उजव्याने गाठीला वळसा कधी घातला, हे मामांनाही कळलं नाही. मधे तीनदा ‘पायरी म्हणा’ असं ऐकू आलं, ते बहुधा दुसऱ्या कोणाला असावं. क्लीनरने मागचा दिवा फोडला तोपर्यंत गळा आरशासारखा झाला होता. ओरखडासुद्धा नाही.

अधिकाऱ्यांनी प्रामाणिकपणे फॉर्म भरला. म्हटलेल्या पायऱ्या, बारापैकी एक. असंबद्ध संभाषण, होय. पेशंटला इजा झाली नाही, यासाठी रकाना नव्हता. मामा नापास झाले.

पास झाला तो कान-नाक-घशाच्या वॉर्डातला एक ब्रदर. त्याने बारा पायऱ्या घडाघड म्हटल्या. त्याच्या वेळी पेशंट उपलब्ध नसल्यामुळे फुग्याला फेस लावून परीक्षा घेतली होती. फुगा चौथ्या पायरीला फुटला, पण तो हलक्या प्रतीचा होता, असा शेरा आहे.

सोमवारी मामा स्टोअरमध्ये जाऊन बसले. अकराच्या सुमारास खिडकीशी ब्रदर उभा. कपाळाला घाम.

“मामा, वरच्या वॉर्डात एक चादर पोचवायची होती.”

“शिपाई आहे ना.”

“तुम्हीच या ना. म्हाताऱ्या गृहस्थांचा गळा... म्हणजे चादर जरा नाजूक आहे.”

मामा एक चादर काखोटीला मारून उठले.

तेव्हापासून सर्जरीच्या वॉर्डात चादरी फार बदलल्या जातात. रोज दोन, कधी तीन, आणि त्याही नेमक्या गळ्याच्या ऑपरेशनवाल्यांच्या. मानांकनाच्या पथकाने या स्वच्छतेचं खास कौतुक केलं आणि गुणवत्ता अधिकाऱ्यांना तसं पत्रही आलं. फाइलीत सही ब्रदरची असते. तोही काही फुकट सही करत नाही. पलंगाभोवतीचा पडदा ओढून बाहेर उभा राहतो आणि बाराच्या बारा पायऱ्या खणखणीत आवाजात म्हणतो, म्हणजे व्हरांड्याच्या टोकापर्यंत पद्धत पाळली जाते.

परवा आत एक निवृत्त मास्तर होते. मामा त्यांना मुलं किती, कुठे असतात, विचारत होते. मास्तरांनी तोंडावरच्या फेसातून पडद्याकडे डोळे वळवले.

“बाहेर कोण हो ओरडतंय?”

“ते होय?” मामांनी त्यांची हनुवटी हलकेच वर उचलली. “ते तुमची दाढी करताहेत.”