रॉकेटचं नाक

मेंढ्यांची वीण सुरू झाली की शेतकरी आपलं पॅडॉक, म्हणजे कुंपणातलं कुरण, आमच्या रॉकेट क्लबला देत नाही, म्हणून तो वीकेंड वाया घालवायचा नव्हता. शनिवार वाऱ्याने खाल्ला. दिवसभर तो पडायची वाट पाहत गाडीत बसलो आणि पामर्स्टन नॉर्थला घरी परत आलो. उरला रविवार.

मोठ्या मोटरची रॉकेटं उडवायचा परवाना हवा असेल, तर आपलं रॉकेट परीक्षकासमोर वर जाऊन, पॅराशूट उघडून धड खाली यावं लागतं. मोडलं तर नापास. माझं रॉकेट मी हिवाळाभर गॅरेजमध्ये जाड पुठ्ठ्याच्या नळीचं केलं होतं, माझ्या खांद्याएवढं. नवऱ्याची ड्युटी होती, म्हणून सोबतीला सासूबाई. त्या सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या.

सकाळी परीक्षकांनी रॉकेट उलटं धरून हलवलं. वरची टोकदार टोपी, म्हणजे नाक, आपोआप पडता कामा नये आणि घट्टही बसता कामा नये. वर पोचल्यावर आतली चिमूटभर दारू पेटते, नाक सुटतं, मागोमाग पॅराशूट बाहेर पडतं. नाक अडकलं तर सगळं भाल्यासारखं खाली येतं, आणि खाली माणसं असतात. "स्वीट अ‍ॅज," ते म्हणाले, म्हणजे झकास. मग वारा पडायची वाट पाहत रॉकेट टेबलावर उन्हात राहिलं. मी इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवायची तार, आणायला गाडीकडे गेले तेव्हा राखणीला सासूबाई होत्या.

वारा पडला. रॉकेट उडवायच्या पॅडवर उभं केलं, सगळे सुरक्षेसाठी बांधलेल्या दोरीमागे आलो. सासूबाई थर्मासमधला चहा ओतत म्हणाल्या, "नाक डुगडुगत होतं गं त्याचं. मी बसवलं नीट."

"बसवलं म्हणजे?"

"तुझ्या पेटीतली कागदी टेप घेतली. नाकाच्या बुडाला तीन वेढे दिले. आता नाही हलायचं."

उलटी मोजणी सुरू झाली होती. मी हात वर करून 'होल्ड' म्हणून ओरडले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. परीक्षकांनी कंट्रोलरची किल्ली काढून खिशात टाकली आणि मी काय झालं ते सांगितलं. ते थेट पॅडकडे चालायला लागले.

"मी पण येते," सासूबाई उठल्या.

"आई, तुम्ही इथेच बसा." आवाज चढला माझा.

नाक ओढून निघेना. परीक्षकांनी नळी धरली, मी नाक पिळून काढलं आणि नखांनी तिन्ही वेढे ओरबाडले. परत बसवून रॉकेट उलटं केलं, तर नाक थेट गवतात. सकाळी दवाने फुगलेला पुठ्ठा उन्हात सुकून नाक सैल पडलं होतं. एक वेढा परत दिला. आता चांगलं हलवल्यावर निघालं. दोरीजवळचा झेंडा पुन्हा हलायला लागला होता.

"काय म्हणाले?" मी दोरीमागे परत येताच सासूबाईंनी विचारलं.

"एक वेढा हवाच होता."

"म्हणजे माझे दोनच जास्त झाले."

"सांगायचंत तरी."

"एवढ्या याद्या करतेस. त्यात 'आईंना सांगणे' होतं का?"

रॉकेट गेलं. आवाज छातीत आपटला, मग थांबला. वर एक काळा ठिपका वळला आणि खाली यायला लागला. काहीच सुटलं नाही. सासूबाईंनी माझं कोपर घट्ट धरलं होतं, नजर जमिनीवर. मीही वेढाच आठवत होते. नीट दाबला होता, की जास्त दाबला होता?

एक बारीक धुराचा पुंजका दिसला, आणि नारिंगी कापड उलगडलं.

"सुटलं का गं?"

"सुटलं."

ते कुंपणापलीकडे मेंढ्यांत उतरलं. परीक्षकांनी तिन्ही पंख एकेक करून हलवून पाहिले, नळीवरून बोट फिरवलं. माझे गमबूट घातलेल्या सासूबाई हात पाठीशी बांधून मागे उभ्या होत्या. मी दोनदा 'धरा ना' म्हटलं, तरी परवान्याच्या कागदावर सही होईपर्यंत त्यांनी रॉकेटला बोट लावलं नाही.