शिवलालच्या वाट्याची शिवी

एएलएसच्या आजारानं शिवलाल बिसेनचे हातपाय गेले, वाचा गेली, श्वासही यंत्राच्या स्वाधीन झाला. तरी मुलाच्या वरातीत सुखवंतानं नवऱ्याला नेलंच. जीपमध्ये तिच्या मांडीवर यंत्र, पायाशी ट्रॅक्टरची बॅटरी.

मांडवात नवरीकडच्या बायका रिवाजाप्रमाणे वऱ्हाड्यांना शिव्यांची गाणी म्हणत होत्या. नवरदेवाच्या मामाची पाळी झाली, फुफाची, म्हणजे आत्याच्या नवऱ्याची झाली. शिवलालच्या तोंडावरचा मास्क आणि त्याची लांब नळी बघून मात्र सगळ्या गप्प झाल्या.

सुखवंता भडकली. "नवरदेवाचा बाप होय! यायले काऊन शिवी नाही? मेले का हे?"

एका म्हातारीनं घसा खाकरला.

"सोंड लावून व्याही आला,
ताट नको, गवत घाला!"

शिवलाल असा हसला की मास्क सरकून यंत्र बोंबलू लागलं. मांडव घाबरला. सुखवंतानं मास्क बसवला.

"जित्ते आहेत. म्हणा आता दुसरं!"