आधी दर, मग झाकण

माझा उजवा हात कोपरापर्यंत बाईंच्या मोरीच्या नळात होता. मी दहा वर्षांची. गणवेशाची बाही आईने खांद्यापर्यंत दुमडून सुतळीने बांधली होती.

"अजून आत," बाई म्हणाल्या. "सकाळी कविता म्हणताना कसा हात लांब केला होतास? तस्सा."

बघायला आलेली शेजारीण हसली. बाईही हसल्या.

बाई आम्हाला मराठी शिकवत. त्याच सकाळी त्यांनी मला वर्गासमोर उभे केले होते. मी कविता म्हटली. त्या म्हणाल्या, "पुन्हा म्हण. खणखणीत." मी पुन्हा म्हटली. साऱ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मला जवळ बोलावले. त्यांच्या अंबाड्यातल्या मोगऱ्याचा वास मी पहिल्यांदा इतक्या जवळून घेतला. मला वाटले, पुन्हा शाबासकी मिळणार.

"शाळा सुटली की आईला घेऊन ये. मोरी तुंबलीय. आणि तूही ये. तुझा हात बारीक आहे."

नळात आधी थंड होते, मग कोमट. बोटांना केसांचा गुंता लागला. त्यात भाताची शिते, चहाचा चोथा, साबणाचा चिकट थर. मी ओढले, आईने तो गाळ ओंजळीत घेतला. घशात आवंढा उतरावा तसा आवाज झाला आणि पाणी वाहून गेले. काम झाले होते.

पण आम्ही सुटलो नव्हतो.

आम्ही दोघी मायलेकी परसात उभ्या राहिलो, हात अंगापासून दूर धरून. अशा हातांनी काही करता येत नाही. डोळ्यांवर आलेले केस मागे सारता येत नाहीत. नाक पुसता येत नाही. पाण्याचा नळ तीन पावलांवर होता, पण त्याला आमचा हात लागलेला चालत नसे. पाणी बाई घालणार. वरून. त्यांच्या हातात भरलेला तांब्या होता.

"आधी तो गाळ लांब टाकून या," त्या म्हणाल्या. आम्ही टाकून आलो. "आता बाहेरचं चेंबरही बघून घ्या. आलाच आहात तर." आम्ही बघितले. तांब्या तसाच सरळ.

आईने विचारले, "बाई, काय देता?"

"दोन रुपये देते की. खुशीनं."

"चेंबर बी काढलं, बाई. तीन तरी द्या."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या आणि तांब्या घेऊन आत वळल्या.

हातावरची घाण वाळू लागली होती. कातडी ताणली जात होती. माशा आल्या. मी रडू लागले, आणि रडताना डोळे पुसता येईनात. आईने माझ्याकडे पाहिले.

"द्या बाई. दोनच द्या."

मग पाणी आले. उंचावरून, बारीक धारेने.

आमचा दर असा ठरत असे. माखलेल्या हातांनी कुणी भाव करू शकत नाही, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक होते. आईलाही ठाऊक होते. दुष्काळात गाव सोडून नाशकात आलो तेव्हापासून ती हेच करत होती. वडील लासलगावला कांद्याच्या पोत्यांखाली वाकत आणि आठवड्याने घरी येत. आई रोज वाकत असे. घरी आल्यावर ती उजव्या हाताने माझ्या केसांना कधी शिवली नाही. कुरवाळायची ती डाव्या हाताने. मला पुष्कळ वर्षे वाटत होते, आई डावखुरी आहे.

मी शिकले. मराठी घेऊन बी. ए. झाले. मात्रा मोजता येऊ लागल्या, यती कुठे येतो ते कळू लागले. एका शाळेत मुलाखतीला गेले. समितीतले एक गृहस्थ माझे वाचन ऐकून डोलले. मग त्यांनी विचारले, "आई काय करते?" मी सांगितले. टेबलावरच्या पेनांना टोपणे लागली. पुढे आणखी दोन शाळा झाल्या. तिथेही टोपणेच.

तोवर आईच्या बोटांची नखे कुजली होती. ती थांबली असती तर चूल थांबली असती. मी पदर खोचला आणि नळात सारायच्या बांबूच्या कामट्या उचलल्या. सुटायचे म्हणून शिकले, आणि फिरून त्याच चेंबरच्या झाकणाशी आले. कॉलनीत कुणाला नवल वाटले नाही. त्याचेच मला अधिक लागले.

एका दुपारी, घरच्या पत्र्याखाली घाम गाळत, मी आईला विचारले, "एका चेंबरचे किती घ्यावेत गं?"

"म्हंजे? देतील त्ये."

"भाजीवाला देतील ते घेतो का?"

"त्याची भाजी असती, बये. आपलं काय असतं? गाळबी त्यांचाच."

खरेच, आम्ही काय विकत होतो? मी तिचा उजवा हात मांडीवर घेतला. भेगांमध्ये काळी रेघ बसली होती, कशानेही न निघणारी. विकत होतो ते हे. आणि त्याला आजवर किंमत नव्हती, कारण ती कुणी उच्चारली नव्हती.

मी कामटीवर कोळशाने फुटाफुटाच्या खुणा केल्या. नळाला फुटामागे एक रुपया. चेंबरला दहा. त्यात साबण, रॉकेल, हाताला लावायचे कडुनिंबाचे तेल. आणि पाणी.

"पान्याचंबी पैसं?" आई हसत सुटली. "नाशकात? गंगा हाय की इथं!"

"गंगा आहे, आई, गोदावरी आहे. तांब्या त्यांच्या हातात आहे."

तिचे हसू थांबले.

मी जुनी हातगाडी घेतली. तिच्यावर तोटी बसवलेले पिंप चढवले. पिंपावर पांढऱ्या रंगाने लिहिले: आधी दर, मग झाकण. लाल साबणाची वडी तोटीला बांधली. आमचे पाणी, आमचा साबण. झाकणाला हात लावण्याआधी आकडा सांगायचा आणि समोरच्याने तो कबूल करायचा, हा नियम.

पहिल्या महिन्यात फाटकामागून फाटक बंद झाले. कुणी घरात वळून म्हणाले, "अहो, ऐकलंत का? यांच्यात आता दरपत्रक निघालंय!" एक प्राध्यापक म्हणाले, "बी. ए.? मग आमच्या गटाराला वृत्त शिकवणार वाटतं." ज्यांनी काम दिले त्यांनी मागच्या बोळातूनच बोलावले. मी काम चोख करत असे. आणि जितके चोख करी तितके तेच माझे नाव होत जाई. दर वाढला, बोळ रुंद झाला नाही. मी माझ्याच गाडीला जुंपलेली होते. हे मी लपवत नाही.

मग बाईंचा निरोप आला. निवृत्त होऊन त्यांनी इंदिरानगरात बंगला बांधला होता. मुलाचा साखरपुडा, आणि पुढच्या अंगणातले चेंबर उसळले होते. मागून वाटच नव्हती. गाडी पुढच्या फाटकात आडवी लावावी लागली. रांगोळीच्या कडेने काळे पाणी सरकत होते. आत वेलदोड्याचा वास, बाहेर हा.

मी वरून, जमिनीवर कामटी टाकत नळाची लांबी मोजली. वीस फूट. चेंबर तीन.

"पन्नास रुपये, बाई."

"पन्नास? अगं, माझ्याकडून? मी तुला शिकवलं."

"शिकवलंत. म्हणूनच आधी सांगते आहे."

"काम तर कर. मी देईन खुशीनं. आज शुभ दिवस आहे."

‘खुशीनं’ हा शब्द ऐकला आणि माझ्यासोबत आलेली आई वाकली. ठरवून नव्हे. तिच्या पाठीला तो शब्द ओळखीचा होता. तिची बोटे झाकणाच्या कडीत शिरली.

मी झाकणावर पाय ठेवला.

"पोरी, पाय काढ. पावनं यायची येळ झाली."

"तुझा हात कोरडा आहे, आई. अजून कोरडा आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने बोटे कडीतून काढली आणि लुगड्याला पुसली, जरी त्यांना काही लागले नव्हते.

काळे पाणी रांगोळीला टेकले. व्हरांड्यातली माणसे बघू लागली. बाई भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या, "बरं. पन्नास."

"पुन्हा म्हणा, बाई. खणखणीत."

ते माझ्या तोंडून कसे आले मला ठाऊक नाही. बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्या मोठ्याने म्हणाल्या, "पन्नास रुपये."

मी पाय काढला.

दोन तास लागले. नळात कामट्या गेल्या. हात कुणाचाही गेला नाही. पाणी वाहून गेले. आम्ही आमच्या तोटीखाली हात धुतले, एकमेकींना साबण देत, हवा तितका वेळ. कुणी वरून पाहत होते, पाणी घालत नव्हते.

बाई नोटा घेऊन आल्या. कुंपणाच्या भिंतीवर ठेवल्या, वर खडा ठेवला आणि दोन पावले मागे सरल्या.

आईचा हात निघाला. मी तिचे मनगट धरले. ओले, स्वच्छ, साबणाचा वास असलेले. माझा दुसरा हात मी उघडा पुढे केला.

"बाई, हातात."

बाहेर भोंगा वाजला. पाहुण्यांची अँबॅसिडर फाटकाशी आली होती आणि फाटकात आमची गाडी आडवी होती.

"आधी ती गाडी काढ!" बाई ओरडल्या.

भोंगा पुन्हा वाजला. वाऱ्याने नोटांची टोके फडफडत होती. आईने मनगट सोडवून घेतले नाही.

दर मी ठरवला होता. तो कुठे ठेवला जाईल, तेही मीच ठरवणार होते. भिंतीवरचा पैसा मी उचलणार नव्हते. त्या दिवशी नाही, त्यानंतर कधीही नाही.

मी गाडी हलवली नाही. हात तसाच पुढे ठेवला.