दोन-दहा मोठी की दोन-चार?

मागच्या रविवारी आखाडा बाळापूरच्या बाजारात माझ्याच वर्गातल्या पोरीने माझी शिकवणी घेतली. तीही भर गर्दीत, बांगड्यांच्या दुकानात...

झालं असं, की नणंदेचं डोहाळजेवण आहे आणि हिरव्या बांगड्या घ्यायच्या होत्या. दुकान शाहीनच्या अम्मीचं. शाहीन म्हणजे आमच्या शाळेतली पाचवीची विद्यार्थिनी, आणि आठवडाभर गैरहजर!

आता थोडं माझ्याविषयी. दर शनिवारी दप्तराला सुट्टी देऊन मुलांच्या अंगातले गुण शोधायचे, हा माझा आवडता उद्योग. चित्रं, गाणी, भाषणं, मातीकाम... त्याचे फोटो टाकून टाकून मी तुम्हा सगळ्यांना वैताग आणलाय, माहीत आहे मला.

तर या सगळ्यात शाहीन कुठेच नसायची. गाणं नाही, चित्र नाही, तोंडातून शब्द नाही. हिच्यात काही खास नाही बुवा, असं मी स्टाफरूममध्ये चक्क बोलून मोकळी झाले होते.

गणितात तर आनंदच! २.१० आणि २.४ यांतली मोठी संख्या कोणती? तीनदा विचारलं, तीनदा तिने २.१० सांगितलं. तिसऱ्यांदा ती फळ्यासमोर उभी होती. अख्खा वर्ग हसला... आणि खोटं कशाला बोलू, मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

अम्मी एका बाईच्या हातात बांगड्या भरत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं मॅडम आल्या तुमी. शाळेचं नाव काढलं की रडून राहिली ही. मला गणित येत न्हाई म्हणती, दुकानातच बसते म्हणती. काय करावं, तुमीच सांगा."

काय सांगणार, कपाळ! त्या रडण्याचं कारण मीच होते. शेजारीच शाहीन खाली मान घालून बसलेली... फार वाईट वाटलं हो.

विषय बदलायचा म्हणून मी शाहीनपुढे हात केला. म्हटलं, मलाही दे चार, माझं माप दोन-चार. तिने माझ्या हाताकडे नुसतं एकदा बघितलं. "न्हाई मॅडम. तुमाला दोन-सहा लागतात."

अगं बाई! लग्नापासून दोन-चार घालतेय मी! हट्टाने चढवायला गेले आणि एक बांगडी वाढली... फुटली म्हणायचं नसतं, म्हणून वाढली. मग तिने दोन-सहाची पुढे केली आणि ती अलगद हातात गेली. वजनाचा काटा जे दोन वर्षं सांगतोय, ते पोरीने एका नजरेत सांगितलं.

नणंदेसाठी मी दोन-आठ मागितल्या. "कितवा महिना हाय?" शाहीनबाईंनी विचारलं. सातवा म्हटल्यावर म्हणाली, "मग दोन-दहा न्या. हात सुजतात." वय वर्षं दहा!

बांगड्या काढायला ती मागे वळली आणि माझी नजर फळीवरच्या खोक्यांवर गेली. २.४, २.६, २.८, २.१०, २.१२... लहान मापापासून मोठ्यापर्यंत, ओळीने.

मी जागच्या जागी गार! या पोरीने कळायला लागल्यापासून २.१० ही २.४ पेक्षा मोठीच बघितली होती, बायकांच्या हातात भरली होती. ती मला डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होती, आणि मी लाल पेनाने काट मारत होते.

तिथेच, सगळ्या बायकांदेखत मी स्वतःचे कान धरले. म्हटलं, "शाहीन, मी हसले ते चुकलं माझं. उद्या ही सगळी मापं घेऊन वर्गात येशील?" तिने अम्मीकडे बघितलं. अम्मी म्हणाल्या, "जा की! पर नीट ने, न्हाईतर सगळी वाढवून येशील."

सोमवारी वर्गात काय मजा आली म्हणून सांगू! शाहीन नुसतं मनगट बघून माप सांगायची आणि बांगडी बरोब्बर बसायची. एक-बारा, एक-चौदा... मुलगेसुद्धा हात पुढे करून रांगेत. अख्ख्या वर्गात फक्त दोन मापं चुकली. गोंधळ ऐकून हेडसर आले, त्यांनीही मनगट पुढे केलं. "सर, तुमचं माप आमच्या दुकानात न्हाई." हेडसरच सगळ्यात जास्त हसले.

मग मी शाहीनला विचारलं, दोन-चौदानंतर काय येतं? "तीन." दोन-सोळा का नाही? "सोळा झाले की इंच भरतो ना मॅडम!" म्हणजे तिची दोन-दहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांपैकी दहा.

मी फळ्यावर एक पट्टी काढली आणि तिचे दहाच भाग केले. २.४ म्हणजे दोनच्या वर यातले चार. २.१० म्हणजे यातला एकच, पुढचं शून्य नुसतं बसायला. तिने बोटाने भाग मोजले... आणि एकदम ओरडली, "म्हंजे आमच्या दुकानात सोळाला भरतंय अन् पुस्तकात धालाच भरतंय! मग आधी काहून न्हाई सांगितलं मॅडम?"

काहून न्हाई सांगितलं... कारण मला कुठे माहीत होतं गं बाई? तू इतकी वर्षं नजरेने मोजमाप करतेस, हेच माहीत नव्हतं. मी गुण शोधायला रंगपेट्या वाटत फिरत होते. शाहीन, तुझे मनापासून आभार.

काल गणिताच्या तासाला सगळ्यात आधी तिचा हात वर झाला. उत्तर चुकलं होतं. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कसं काढलंस गं?"

आणि ती फळ्याकडे निघाली... सांगायला.